खडू फासलेला उमेदवार

तुमच्या दारात मत मागायला शेवटचा जो माणूस आला होता, त्याच्या अंगावर कोणत्या रंगाचे कपडे होते? आठवायचे कष्ट घेऊ नका, मीच सांगते. पांढरे. आता माझा खरा प्रश्न ऐका: पांढरेच का? पोपटी का नाहीत? चौकटीचा शर्ट घालून मत मागितलं तर मतपेटी उघडायचं नाकारते का?

हा प्रश्न मला विसाव्या वर्षी पडला आणि त्यापायी आमच्या वस्तीतली एक कोरी साडी कामातून गेली. ती गोष्ट सांगते.

आधी माझ्याविषयी थोडं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचे आबा लूमवर कामाला, उरलेल्या वेळात युनियनचे, त्यामुळे घरात पत्रकांचा तुटवडा कधी नव्हता. फळीवर डब्यांखाली पत्रक, गादीखाली पत्रक, चटणीची पुडी पत्रकात. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. पहिलीत बाईंनी ‘ज’चा शब्द विचारला तेव्हा सगळा वर्ग ‘जहाज’ म्हणाला आणि मी ‘जाहीर’ म्हणाले. उद्गारचिन्ह मला स्वल्पविरामाच्या फार आधी कळलं! अजूनही हात आवरावा लागतो.

नव्वदीची मधली वर्षं होती. सुरतेत डिंडोलीकडे आमची वस्ती, बहुतेक सगळी खानदेशातून आलेली. लूमच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. पुरुष खात्यात, बायका घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायला, आणि मुलं मराठी शाळेत. पण रुळांच्या अलीकडची शाळा चौथीला संपायची. पाचवीला खोलीच नव्हती. पाचवी हवी असेल तर रूळ ओलांडा. रुळांवर बहुतेक वेळा मालगाडी उभी, आणि आमच्याकडे आल्यावर मालगाडीला कसलीच घाई नसते. मुलगे डब्याखालून वाकून पलीकडे जायचे. मुलींना घरचे म्हणायचे, बास झालं शिक्षण, ये, टिकल्या चिकटव.

आमच्या शेजारी एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, भिंतीला भिंत लागून झालेली मावशी. एकटे राहणारे लूमवाले तिच्या खानावळीत जेवायचे. तिची मुलगी त्या वर्षी चौथीत होती. पाढे म्हणायला लागली की थांबवावी लागायची, अशी पोर. पण मावशीच्या सासूने, आम्ही तिला आजीच म्हणायचो, टिकल्यांची पाकिटं आणि गोंदाची बाटली आधीच आणून कोनाड्यात ठेवली होती. ती बाटली बघितली की मावशीच्या हातातलं लाटणं थांबायचं.

अशात बातमी आली की महापालिकेतली आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली. आबांच्या मंडळींनी मावशीला गळ घातली. वस्तीतले निम्मे पुरुष तिच्या हातचं जेवत होते. याहून मोठा जनाधार कुणाचा? मावशी तयार झाली, पण म्हणाली, “मला एकच बोलता येतं. पाचवीची खोली पाहिजे. दुसरं काही माझ्या तोंडी घालायचं नाही.” (मावशीची अहिराणी मी इथे पातळ करून लिहिते आहे. मूळची ती तिच्या वरणासारखी दाट होती.)

सगळं ठरलं आणि मग साडीवर अडलं.

“पांढरी नेसावी लागेल,” आबा म्हणाले. “लोकांना कळायला नको, उमेदवार कोण ते?”

आजी दाराशी लसूण सोलत बसली होती. तिने लसूण परातीत टाकला आणि उभी राहिली. “मना आंडोर जित्ता शे अजून! त्याना डोयासमोर त्यानी बायको पांढरं लुगडं नेसी?”

आंडोर म्हणजे मुलगा. तो जित्ता आंडोर तेव्हा कोपऱ्यात बसून भाकरी खात होता. स्वतःच्या जिवंतपणाचा पुरावा म्हणून त्याने आणखी एक भाकरी मागितली.

“आजी, पुढारी बायका पांढरंच नेसतात,” आबा म्हणाले.

“त्यासना नवरा मरेल व्हतीन!” म्हणजे, त्यांचे नवरे मेलेले असणार.

“आत्याबाई, असं नका बोलू,” मावशी हसू दाबत सासूला म्हणाली.

मी अर्थातच आजीच्या बाजूने होते, पण माझी कारणं वेगळी होती. मला पांढऱ्या कपड्यांचा राग होता. आमच्या वस्तीत कापड विणणाऱ्या माणसाचा शर्ट तेलकट आणि ते कापड विकणाऱ्याचा सफारी दुधासारखा पांढरा, हा अन्याय मला रोज दिसायचा. “आपली उमेदवार पांढरं नेसणार नाही!” मी जाहीर केलं. आबा म्हणाले, “पुढारीणबाई, कारण सांगा. घोषणा नको.”

कारण शोधायला मी कॉलेजच्या लायब्ररीत गेले. खरं तर परीक्षेचं हॉल तिकीट आणायला गेले होते. त्यावर खाली एक रेघ आणि रेघेखाली इंग्रजीत छापलेलं: सिग्नेचर ऑफ द कँडिडेट. म्हणजे मीही कँडिडेट! माझ्या अंगावर तर धुऊन धुऊन विटलेला पोपटी पंजाबी ड्रेस. मग हा शब्द आहे तरी काय? लायब्ररीत एक इंग्रजी शब्दकोश होता, इतका जाड की दोन्ही हातांनी उचलावा लागे. मी तो उचलला, शब्द काढला, आणि तिथेच खुर्चीत बसले.

लॅटिन भाषेत कँडिडस म्हणजे लखलखीत पांढरा. त्यावरून कँडिडेटस, म्हणजे पांढरे कपडे घातलेला. जुन्या रोममध्ये एखाद्या पदासाठी उभा राहणारा माणूस आपल्या अंगावरच्या लांब वस्त्राला, टोग्याला, चक्क खडू चोळून घ्यायचा. मग असा पांढराफेक होऊन तो बाजारात जायचा आणि भेटेल त्याचा हात हातात घ्यायचा. मूळ धातूचा अर्थ चकाकणे. त्यातूनच मेणबत्तीची कँडल निघाली आणि कँडिड हा शब्दही निघाला, म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा. एका आईची तीन लेकरं बघा: एक जळतं, एक खरं बोलतं आणि तिसरं मत मागायला येतं.

आपला उमेदवार त्या मानाने गरीब घरचा. तो फारसीतून आला. उमेद बाळगणारा, एवढाच त्याचा अर्थ. खात्यात नवा पोरगा लूम शिकायला येतो तेव्हाही तो उमेदवारीच करत असतो. त्याला कुणी खडू चोळा म्हणत नाही.

मी धावत घरी आले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आबा निरुत्तर होतील. आबांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे मी म्हणतो तेच रोमवाले म्हणत होते! पांढरं पाहिजेच!”

इतका अभ्यास करून मी विरोधकांच्या हाती दारूगोळा दिला होता. मावशी डाळ घोटता घोटता म्हणाली, “पोरी, तू पुस्तक जरा कमी वाच, नाहीतर मला खडू लावून उभी करशील.”

दोन दिवस घरात रोम आणि खानदेश यांचं युद्ध चाललं. मग माझ्या डोक्यात कल्पना आली. अजूनही मला ती चांगलीच वाटते. लूमवरून जे कोरं कापड उतरतं त्याला आमच्याकडे ग्रे म्हणतात. ते ग्रे नसतं. पिठासारखं, किंचित मळकट, तेलाच्या वासाचं असतं. ते मिलमध्ये जातं, तिथे त्याला धुतात, पांढरं करतात, रंगवतात, छापतात, आणि मग बाजारात त्याची साडी होते. आमच्या माणसांचा कापडाशी संबंध त्या कोऱ्या ताक्यापर्यंतच, म्हणजे ताग्यापर्यंतच. ताका खात्याच्या दारातून टेम्पोत चढला की संपलं. तर आमची उमेदवार ग्रेचीच साडी नेसेल! वस्तीतला प्रत्येक माणूस ते कापड नुसत्या बोटांनी ओळखेल. ना पांढरं, ना रंगीत. लूमवरून थेट!

आबांना हे युनियनला शोभणारं वाटलं. ते खात्यातून जॉर्जेटचा एक डागी तुकडा मागून घेऊन आले. आजीने कापड उन्हात धरलं, चोळलं, हुंगलं. “हे पांढरं नाही,” तिने निकाल दिला, “मळकं आहे. चालेल.” मी रात्रीत पत्रक लिहिलं. मथळा असा: आमची उमेदवार खडू फासून येणार नाही! खाली रोमची सगळी हकिकत. आबांनी ते वाचलं आणि सतरा उद्गारचिन्हांपैकी पाच ठेवली.

चौकात सभा होती त्या दिवशी सकाळी मावशी म्हणाली, “कापडावर तेलाच्या रेघा आहेत. अशीच नेसू?”

“तेलच ना?” आबा म्हणाले. “इतकी वर्षं कापड विणतो आहे मी. सोडा घाला आणि उकळा. तेल जाईल, कापडाला काही होणार नाही.”

खानावळीचं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढलं. सोडा पडला. पाण्याला कढ आला आणि साडी आत गेली. आबा स्वतः लाकडी दांड्याने ढवळत होते, लग्नातली आमटी ढवळावी तसे.

आता हे जॉर्जेट म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. त्याच्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो. गरम पाण्यात तो पीळ जागा होतो आणि कापड अंग चोरून बसतं. मिलमध्ये ते मुद्दाम करतात, म्हणून तर लूमवर कापड आधीच रुंद विणतात. इतकं रुंद का, हे आबांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्यांचं कापड टेम्पोत चढायचं. पुढे त्याला उकळतात की ओवाळतात, त्यांना काय ठाऊक! आयुष्यभर कापड विणणारा माणूसच असा छातीठोकपणे साडी उकळू शकतो. दुसरा कुणी घाबरला असता.

दांड्याने साडी बाहेर काढली तेव्हा आधी वाटलं, निम्मी पातेल्यातच राहिली. आबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. तिथे पाणीच होतं. मावशीने ती सुरकुतलेली पट्टी अंगाला लावून पाहिली. काठ पोटरीवर आला. निऱ्या घातल्या तर पदर पुरेना, पदर घेतला तर निऱ्या उरेनात. आणि तेलाच्या रेघा? त्या होत्या तशाच होत्या. फक्त जवळ जवळ आल्या होत्या.

“सोडा जास्त झाला असेल,” आबा हळूच म्हणाले.

“सोडा?” मावशी मटकन खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अव माय! ही तर माझ्या पोरीला होईल!”

पोर दारातच उभी होती. ती हसली नाही. तिने विचारलं, “मग आता तू सभेला जाणार नाहीस?” ती मावशीकडे बघत होती, पण तिची पाठ कोनाड्याकडे होती, मुद्दाम केल्यासारखी. मावशीचं हसू थांबलं. “जाणार,” ती म्हणाली.

सभा देवळासमोरच्या चौकात होती. माइक एकच, दोन्ही बाजूंनी वाटून घेतलेला. समोरची उमेदवार एका शेठची बायको. शेठचं पर्वत पाटिया नावाच्या भागात कापडाचं दुकान, बंगला आमच्या वॉर्डाच्या कडेला. उमेदवार बाईंचा फोटो भिंतीभिंतीवर होता, पण त्या स्वतः कुणाला दिसल्या नव्हत्या. हिंडायचा शेठ, हात जोडायचा शेठ, भाषण करायचा शेठ. आणि कपडे? बुटांपासून वर सगळं पांढरं. मला शब्दकोश आठवला. लॅटिनच्या हिशेबाने कँडिडेट हाच होता. मतपत्रिकेवर मात्र नाव होतं घरी बसलेल्या बाईचं.

मावशी रोजच्या जांभळ्या साडीत माइकसमोर गेली. कमरेपाशी हळदीचा डाग होता. तिने पिशवीतून ती आटलेली साडी काढली आणि दोन्ही हातांनी पसरून धरली. मग पुढच्या रांगेतल्या लूमवाल्यांनी कापड ओळखलं. एकाने ओरडून विचारलं, “मावशी, जॉर्जेटला कढ आणला का काय?”

“आणला, बाबा! तुम्हीच विणलं, आम्ही उकळलं!”

सगळा चौक हसला. शेठसुद्धा.

“पुढारी व्हायचं तर वेगळं नेसायला लागतं म्हणे,” मावशी म्हणाली. “मी नेसायला गेले तर एवढंच उरलं. जाऊ द्या. मला बोलायला एकच येतं. माझी पोर चौथी झाली. पाचवीला रूळ आहेत. ती भिते, मी पण भिते. मला रुळांच्या अलीकडे एक खोली पाहिजे. शेठ, तुमच्या घरातनं जी उभी आहे, तिला विचारून सांगा. देईल का ती?”

आता शेठला हसून चालणार नव्हतं. तो हात वर करून म्हणाला, “बेन, टेन्शन नहीं लेवानुं! जो भी जीते, छोकरियों का रूम मैं बनवाऊँगा!”

टाळ्या पडल्या. आणि मतंही त्यालाच पडली. मावशी हरली. मावशीकडे जेवणारे लोक प्रामाणिक होते, पण त्यांतल्या बहुतेकांची नावं गावाकडच्या मतदार यादीत होती. जनाधार मोजताना युनियनच्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं!

शाळा उघडली. खोली नव्हती. आबा दोनदा शेठच्या दुकानावर जाऊन आले. शेठ बाहेरगावी होता, मग मीटिंगमध्ये होता. आजीने कोनाड्यातली गोंदाची बाटली काढून झाकण पुसलं. मी निषेधाचं पत्रक लिहायला बसले.

“ते ठेव,” मावशी म्हणाली. “तुला पाचवीचं गणित येतं ना?”

दुसऱ्या दिवशी खानावळीचे डबे गेल्यावर मावशी वस्तीतल्या पाचवीच्या सगळ्या पोरी घेऊन शेठच्या बंगल्यासमोर गेली. बंगल्याला कोटा फरशीचा मोठा ओटला होता, काळपट, गुळगुळीत. “बसा,” तिने पोरींना सांगितलं. “हाच आपला वर्ग.” मला तिने खडूचा डबा दिला. “आणि हाच फळा.”

मी त्या फरशीवर अपूर्णांक शिकवले. पोरी गुडघ्यांवर बसून गणितं करायच्या, चुकलं की फ्रॉकने पुसायच्या. तिसऱ्या दिवशी शेठ गाडीतून उतरला आणि स्वतःच्या दारात जायला त्याला जागा सापडेना. पाय ठेवावा तिथे भागाकार.

“आ शुं छे?” तो म्हणाला.

“पाचवी छे,” मावशी म्हणाली.

तो वैतागून अंग आखडत आत गेला. खडू त्याच्या पँटला लागलाच असणार. पण पांढऱ्यावर पांढरं दिसलं नाही. रोमवाले हुशार होते!

मग आतून बाई आल्या. फोटोतल्या. अंगावर हिरवी साडी, हाताला कणीक. त्या ओटल्याच्या पायरीवर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मावशीच्या पोरीने केलेलं गणित त्यांनी वाकून तपासलं, बोटाने एक आकडा दाखवला. पोरीने तो पुसून बरोबर लिहिला.

“माझं गाव कामरेजकडे,” बाई मावशीला गुजराती-हिंदीत म्हणाल्या. “सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती.” मग थोड्या रागाने, “खोलीचं मला कुणी विचारलंच नाही.”

“मी माइकवरून विचारलं होतं,” मावशी म्हणाली.

“मी घरी होते.”

मग बाईंनी हात पदराला पुसले आणि आत जाऊन चपला घालून आल्या. शेठ दारातून काहीतरी म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. दोघी रिक्षात बसून महापालिकेच्या ऑफिसला गेल्या, एक निवडून आलेली आणि एक पडलेली. जाताना मावशीने मला ओरडून सांगितलं, “त्रैराशिक चालू ठेव!”

खोली झाली. लगेच नाही, बाईंना त्या ऑफिसच्या पायऱ्या पुष्कळदा चढाव्या लागल्या, आणि दर वेळी मावशी सोबत होती. पत्र्याची खोली, उन्हात तापणारी, दाराला अजून कडी नाही. पण रुळांच्या अलीकडे आहे. मावशीची पोर तिथे पाचवी शिकली.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरी घरी आल्या, तेव्हा आजी दाराशी लसूण सोलत होती. फळा नवा, खडू नवे. पोरींनी मनसोक्त पुसापुशी केली होती. केस, भुवया, फ्रॉक सगळं पांढरं. मी म्हटलं, “आजी, बघा, खरे कँडिडेट आले. खडू चोळून!”

आजीने नातीला जवळ ओढलं. मला वाटलं, आता पदराने झटकून काढेल. पांढऱ्याचा तिला किती राग! तिने नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पांढरा झालेला तळवा पाहिला, आणि तसाच परत लसणाला लावला. कोनाड्यातली गोंदाची बाटली पुढे कधीतरी वाळून गेली.

आटलेली साडी मावशीने टाकली नाही. तिच्यात ती भाकऱ्या गुंडाळते.

तर वाचक हो, तुमच्याकडे एक मागणं आहे. निवडणूक कुठलीही असो, पांढऱ्या कपड्यांतला माणूस पुन्हा तुमच्या दारात येईलच. त्याच्याशी भांडू नका. घरात खडूचा एक तुकडा ठेवा. तो त्याच्या हातात द्या, तुमच्या उंबऱ्यापुढची फरशी दाखवा आणि म्हणा: साहेब, या वॉर्डातली पाचवीची मुलगी घरून शाळेत कोणत्या वाटेने जाते, तेवढं खाली बसून काढून दाखवा. वाट काढून होईपर्यंत त्याला उठू देऊ नका!